तिसऱ्या गाण्यातली खडखड

शिंपीणकाकूंच्या दुकानामागच्या खोलीत भाडेकरू पोरांच्या रॉक बँडने पहिला अल्बम रेकॉर्ड केला. तेवढा वेळ मशीन बंद ठेवायचं कबूल करूनही काकूंनी तिसऱ्या गाण्यात एक बाही शिवलीच. अल्बम तुफान गाजला. पण त्यात आपली खडखड ऐकून, पोरं आता आपल्याशी बोलायची नाहीत अशी धास्ती काकूंनी घेतली. पुन्हा आवाज नको म्हणून त्यांनी मशीनला मनसोक्त तेल पाजलं.

दुसऱ्या दिवशी बँडचा गायक दारात हजर.

"काकू, लोक त्या खडखडीवरच फिदा आहेत. शनिवारी मशीन घेऊन स्टेजवर चला."

"अरे मेल्या, कालच तेल घातलं. आता मांजरासारखं चालतंय."

गायकाचा चेहरा पडला. काकूंनी चष्मा सावरला.

"थांब, जीन्स शिवते. जाड कापडावर ते अजून कुरकुरतं."

शनिवारी टाळ्यांच्या कडकडाटात एक पँट शिवून झाली.