उत्तमरावांचे नऊशे वेढे

संग्रामपूरच्या बसस्टँडमागे उत्तमराव तीस वर्षांपासून जळालेल्या पंपांच्या मोटारींत नव्याने तार भरून देतात. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

पण इंजिनिअरिंगला असलेली पुतणी ओवी यंदा समुद्राच्याच नादी लागली. लाटांवर वर-खाली होत वीज बनवणारा तरंगता डबा, तिच्या भाषेत बोया. त्यातली तार मोठ्या बाबांनी, म्हणजे उत्तमरावांनी, भरायची आणि शनिवारी गावतळ्यात कॉलेजच्या सरांसमोर दिवा लावून दाखवायचा. लागला तर बोया चाचणीला कोकणात, नाहीतर माळ्यावर.

ओवीच्या कागदावर तारेचे सहाशे वेढे होते. उत्तमरावांनी डबा हाताने हलवून पाहिला. यंत्र हळू हाललं की वेढे जास्त लागतात, हे त्यांना कागदावाचून ठाऊक होतं. त्यांनी बारीक तार घेऊन नऊशे भरले आणि कोणाला सांगितलं नाही. पोरीने विचारलं नव्हतं.

शनिवारी वारा पडलेला. ओवी पाण्यात उभी राहून फळीने लाटा करू लागली. पाणी गुडघाभरच, तरी तिच्या आईने, शरयूने, तिच्या पाठीला तेलाचे दोन रिकामे डबे बांधलेच होते. दिवा काही लागेना. सरांची परतीची बस साडेअकराची, आणि सव्वाअकरा झाले.

उत्तमराव तळ्याकाठच्या भिमाबाईंच्या गोठ्याकडे धावले. "वहिनी, म्हशी आताच सोडा."

"मी बारा वाजता सोडतो. काऊन, त्याइले पाहाले पाहुणे आले का?"

"हाव. कॉलेजचे सर."

चौदा म्हशी तळ्यात उतरल्या. पाणी असं हेलकावलं की ओवी डब्यांसकट खाली बसली. दिवा लुकलुकला, मग चांगलाच उजळला. एका म्हशीने बोयाला मान घासली तेव्हा तर मीटरचा काटा पार टोकाला गेला.

सरांनी आकडे मांडले, पुन्हा मांडले. "सहाशे वेढ्यांत एवढं व्होल्टेज येत नाही."

उत्तमराव स्वतःच्या चपलेकडे पाहू लागले. "नऊशे आहेत, सर."

"मोठे बाबा, मले सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तर तू हिशोब करत बसली असती. दिवाळी आली असती."

सर हसले. बस केव्हाच गेली होती. बोया कोकणात न्यायचं ठरलं. फक्त तिथल्यासाठी वेढे किती, ते उत्तमरावांनी लिहून द्यावं, असं सर म्हणाले.

ओवीने रागारागातच वही पुढे केली.

उत्तमरावांनी पेन घेतलं नाही. "असं कसं सांगू? आधी समुद्र कसा हालते ते पाहू दे."