धवल्यात नवऱ्याची जागा

आमच्या धसईच्या बाजूला हळदीचं गाणं रेकॉर्ड करायला येणारा प्रत्येक जण आधी एकच गोष्ट सांगतो, बेस वाढव. गाणं ऐकायच्या आधीच सांगतो. मी मान डोलावते आणि मला हवं तेच करते. माझा स्टुडिओ म्हणजे आमच्या घरातली भाताची खोली. भिंतींना लागून पोती रचलेली असतात, त्यामुळे आवाज घुमत नाही. उन्हाळा सरता सरता पोती गिरणीवर गेली की खोली बोंबलायला लागते, मग मी गोधड्या टांगते.

धंदा मुख्यतः नावांचा. गाणं एकच, नवरा-नवरी वेगळे. शेणव्याचं लग्न असो की मुरबाडचं, तयार गाण्यातली जुन्या जोडप्याची नावं कापायची, गाणाऱ्याला पुन्हा बोलावून तेवढीच दोन नावं नव्याने म्हणून घ्यायची, सांधे जुळवायचे. डीजेवर वाजलं की घरच्यांना वाटतं, गाणं खास आपल्यासाठी केलंय. आई उंबऱ्यात बसून हे सगळं बघायची. “नवरा बदलला तरी गानं तेच! बरा धंदा हाय गो तुजा,” म्हणायची.

ती स्वतः धवलेरी. मांडवात नवरीसमोर बसून लग्नाचे धवले गाणारी. आसपासच्या कितीतरी पोरींना तिच्या आवाजात हळद लागली. मी तिच्या मागे लागायचे की एकदा रेकॉर्ड करू दे. ती ऐकायची नाही. “समोर नवरी नाय, मंग धवला कुनासाठी म्हनू? भिताडासाठी?”

मग तिचा आवाज बसला. लग्नसराईत बसतोच, म्हणून काढे झाले, हळद-दूध झालं. आवाज काही उठेना. शेवटी शहरातल्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. आई जगेल, बोलणार नाही. परत येऊन एसटीतून उतरल्यावर ती म्हणाली, “आपरेशनच्या आदी तुजा धवला म्हनून ठेवते.”

“माजं लगीन कुटं हाय, आये?”

“व्हईल तवा व्हईल. तवा माजा आवाज नसंल.”

मला राग आला. चाळिशी ओलांडलेली मी. लग्नाचा विषय मी स्वतःच कधीचा बंद केला होता, गावानेही नाद सोडला होता. फक्त हिने सोडला नव्हता. मी तिच्यावर चिडले, डॉक्टरवर चिडले, त्या गाठीवर चिडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्याने खोलीतली पोती सारखी केली.

आई लग्नाला नेसते ते लुगडं नेसून आली. बांगड्या काढ म्हटलं तर काढीना, म्हणून मनगटांवर ओढणी गुंडाळली. पंखा बंद, फ्रिज बंद, कोंबड्या शेजारी धाडल्या. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित कडेला ठेवला, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ची हवा थेट त्यावर आदळत नाही. पण मांडवात गाणारी बाई एका जागी तोंड धरून कशी बसेल? नवरीचं नाव आलं की ही मान माझ्याकडे वळवायची आणि आवाज माइकवरून निघून जायचा. दोनदा सांगितलं, दोनदा विसरली. मग मीच माइकच्या मागे, तिच्या अगदी समोर मांडी घातली. त्यानंतर आई हलली नाही. तिला नवरी मिळाली होती.

आवाज घोगरा होता, वर जाताना फाटत होता. दुसरं कुणी असतं तर मी पुन्हा म्हणायला लावलं असतं. तिने माझं नाव घेतलं, घरातलं, फक्त तीच हाक मारते ते. पुढे नवऱ्याचं नाव यायचं तिथे ती थांबली. नावाला लागेल तेवढीच थांबली आणि पुढची ओळ उचलली. मी हेडफोन काढला.

“का थांबलीस गो आये?”

“नवऱ्याची जागा ठेवली. तू भरतेस ना मागनं, त्या लोकांची भरतेस तशी.”

इतकी वर्षं उंबऱ्यात बसून तिने नावं बदलताना पाहिली होती. पण नाव बदलायला गाणाऱ्यालाच परत यावं लागतं, हे स्वतःच्या बाबतीत तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, “आये, ते नाव पन तुज्याच आवाजात लागंल. आनि मंग तर तू...” तिला कळलं. ती गरम पाणी प्यायली आणि म्हणाली, “मंग नावंच म्हनून ठेवते. चालू कर.”

आणि तिने सुरुवात केली. त्याच चालीत, एकेक मुलाचं नाव. आधी देवांची, मग गावातल्या मुलांची, ज्यांतले निम्मे आता बाप झालेत, मग माझ्या गिऱ्हाइकांच्या गाण्यांत ऐकलेली नवी नवी. प्रत्येक नावानंतर थोडी थांबायची, मला कापायला सोपं जावं म्हणून. आवाज बारीक होत होत नुसता वारा उरला. मी म्हटलं, बस झालं.

“यक ऱ्हायला आनि नेमका त्योच आला तर?”

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात मी रडले. माइक चालूच होता.

आता आई घरी असते. गळ्याला भोक, त्यावर पातळ फडकं. हाक मारायची तर ताटलीवर चमचा वाजवते. मिक्स करताना मी खालची घरघर तेवढी कापली. आवाज दाबून सारखा केला तर तिची धाप मोठी ऐकू यायची, म्हणून ते सोडलं. खरखर साफ करायला गेले तर खरखरीबरोबर आईच जायला लागली, तेही सोडलं. मग एकेक नाव त्या रिकाम्या जागी लावून पाहिलं. सगळी बसली. सांधा कुठे म्हणून कळत नव्हता. इतकं चोख काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि मला त्यातलं एकही नाव नको होतं. मला नवरा नको होता. मला आईचा रोजचा आवाज हवा होता, चहा टाक म्हणणारा, धंद्यावरून टोमणे मारणारा. तो माझ्याकडे कुठेच नाही.

परवा ती खोलीत येऊन पोत्यावर बसली आणि कानांकडे बोट दाखवलं. मी तिला हेडफोन घातला, जागा मोकळी ठेवलेला धवला लावला. माझ्या नावावर तिचे ओठ हलले. पुढे ती रिकामी जागा आली, तिथेही हलले. “कोनाचं नाव घेतलंस गो?” मी विचारलं. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि पुन्हा पहिल्यापासून लाव अशी खूण केली.