बुधवार आमच्या घरचा

आमच्या मंडळीची बुधवारची प्रार्थना दर आठवड्याला एकेका घरी असते. नवऱ्याला अर्धांगवायू झाला आणि यादीतून आमचं घर गळालं. शेवटी एका रविवारी उपासना सुटल्यावर मी पाळकांना चर्चच्या पायरीवरच गाठलं.

"तुम्हाला आणखी त्रास नको म्हणून, ताई," ते म्हणाले.

"आजारी हे पडलेत. येशू न्हाय पडला की!" माझा आवाज जरा चढलाच.

पुढच्या बुधवारी भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत वीसेक माणसं चादरींवर दाटीवाटीने बसली. पण पेटी वाजवणार कोण? मंडळीत ती वाजवायचे ते हेच, आणि यांचा उजवा हात लुळा पडलेला. मी पेटी खाटेवर, यांच्या डाव्या हाताशी ठेवली. इतकी वर्षं त्याच हाताने यांनी भाता हलवला होता. तो यांनी धरला, आणि शेजारी बसून मी पट्ट्यांवर बोटं ठेवली. मला एकच भजन येत होतं, तेही यांचं बघून बघून शिकलेलं.

दुसऱ्या कडव्यात माझा सूर चुकला आणि पेटीच बंद पडली. मला वाटलं, हे थकले. बघते तर भाता घट्ट दाबून माझ्याकडे डोळे वटारलेले. चुकणाऱ्या गाणाऱ्यांकडे पूर्वी बघायचे, अगदी तसेच. आजारपणात यांना असं चिडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"पुन्हा पहिल्यापासून," मी सगळ्यांना सांगितलं.

भाता हलला.