सुईआजोबांची फुंकर

सुई टोचण्याआधी तिच्यावर फुंकर घालणारा माणूस मी एकच पाहिला, आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले सुईआजोबा. रुमालाने सुई पुसायची, फुंकर मारायची आणि पोराला म्हणायचं, "काय एक होवचा नाय!" पोरं हसायची. ती फुंकर आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

निवृत्तीनंतर कुठल्याशा शिबिरात ते ॲक्युपंक्चर शिकून आले. दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांची सर्दी, पोटदुखी, अंथरूण ओलं करणं, सगळ्यावर सुया. एकाची काढली की तीच दुसऱ्याला. फुकट करायचे, म्हणून कोणी काही विचारत नसे. माणूस मात्र लाख मोलाचा. माझे वडील आमच्याकडे राहायला आले आणि अंथरुणाला खिळले, तेव्हा रोज येऊन मालवणी गजाली, गप्पागोष्टी सांगत बसायचे ते हेच.

खो-खो खेळताना माझ्या सईचा गुडघा मुरगळला. सासूबाई तिला आजोबांकडे घेऊन गेल्या. नंतर ताप चढला, गुडघा टम्म सुजला. आजोबा खुशीत म्हणाले, "विष भायर पडता हा, अगो. चांगला लक्षण!" सासूबाईंनीही मला थांबवलं. शेवटी पोरीला पाय टेकवेना, तेव्हा मी तिला उचलून हॉस्पिटल गाठलं. सांध्यात पू झाला होता. ऑपरेशन करून तो काढल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुईवाटे जंतू आत गेले. हाडाची वाढही आता नीट होणार नाही." सईचा तो पाय आखूडच राहिला.

आजोबा वॉर्डात शहाळं घेऊन आले. खिशात सुयांची डबी होतीच. "एका बैठकीत सूज उतरवतंय बघ." मी त्यांना अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. दारात रडत म्हणाले, "मी पोराचा वायट कशाक करीन गो?" नसतंच केलं त्यांनी. पण हेतू चांगला असला म्हणून सुई स्वच्छ होते का? आणि रविवारचा हॉल? तो पुढेही भरतच राहिला!

गेल्या वर्षी आजोबा गेले. शोकसभेत मीही रडले, खोटं कशाला सांगू. मग सेक्रेटरी उठले. "आजोबांची सेवा बंद पडू द्यायची नाही. घाटकोपरचे एक सर यायला तयार आहेत. कोणाकोणाची मुलं येणार?" भराभर हात वर झाले.

मी उभी राहिले. "प्रत्येक पोराला नवी सुई वापरणार का ते सर?"

"ताई, आजचा दिवस तरी..."

सईने माझी ओढणी ओढली. "आई, बस ना. मला आवडायचे आजोबा."

"मलाही आवडायचे!" मी भर सभेत ओरडले. "म्हणूनच तर तुझा पाय असा झाला!"

पहिल्या रांगेत मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या शेजारणीने हात खाली घेतला. तिने एकटीनेच.