लाल अक्षरांचं झाकण

तर काल आपण त्या झाकणापाशी थांबलो होतो. काजाच्या मशीनच्या पोटाखालचं, वीतभर लांबीचं, दोन स्क्रूंनी आवळलेलं झाकण आणि त्यावर लाल शाईत एक ओळ जपानी. पानेबुवा त्याच्यासमोर उकिडवे बसलेत, हातात स्क्रू-ड्रायव्हर आहे आणि झाकणाला हात लावायची छाती होत नाही.

पानेबुवा म्हणजे त्या शर्टांच्या कारखान्याचे मेकॅनिक. खिशात कायम दोन पाने, म्हणून हे नाव. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. इंग्रजी म्हणाल तर बाराखडीच्या मानाने अक्षरं फारच कमी भरली म्हणून आवडलेलं. बाकी हात मात्र सोन्याचा, असं ते स्वतःच सांगायचे आणि दुसरं कोणी सांगत नाही म्हणून पुन्हा सांगायचे.

आता ते मशीन टाके सोडायला लागलं होतं. दहा काजं केली की चार उसवलेली. पानेबुवांनी सुई बदलली, दोऱ्याचा ताण बदलला, वरचा सगळा भाग खोलून परत बसवला, एक वॉशर उरला तो गुपचूप खिशात टाकला. मशीन होतं तसंच. शेवटी शुक्रवारी मालक म्हणाले की पुढच्या शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो येतोय, तोवर चाललं तर ठीक.

मशीन गेलं तर जाऊ दे म्हणण्यासारखं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्या मशीनवर सतरा वर्षं पानेबुवांची थोरली बहीण बसत होती. सगळा कारखाना तिला आक्का म्हणायचा. पानेबुवांना या कारखान्यात तिनेच हाताला धरून आणलं होतं. त्याच्या जागी येणारं नवीन मशीन बटणांच्या पाटीवर चालणारं, त्यासाठी तरुण पोरगी बघून ठेवलेली. टेम्पोत मशीन चढलं की आक्का घरी बसणार हे सगळ्यांना कळत होतं. आक्का जेवणाच्या सुट्टीत डबा मशीनवरच उघडायला लागली, एरवी ती खिडकीपाशी बसायची.

आता न उघडलेलं एकच राहिलं होतं, ते झाकण. पण लाल अक्षरं! पानेबुवांच्या हिशेबात लाल म्हणजे धोका. विजेच्या खांबावर लाल, विषाच्या बाटलीवर लाल. आत काय सील केलेलं असेल, उघडलं आणि मशीन कायमचं बसलं तर आक्काला तोंड कसं दाखवायचं? तेव्हा सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर केलं की आधी वाचतो, मग उघडतो.

‘जपानी?’ एका शिवणवालीने विचारलं.

‘त्यात काय, अक्षरंच आहेत ना,’ पानेबुवा म्हणाले. या एका वाक्यासाठी त्यांनी पुढे जन्मभर स्वतःला हसून घेतलं.

खिशातल्या फोनने फोटो काढून अर्थ विचारायचे दिवस अजून आले नव्हते. पानेबुवांनी ती ओळ वहीत चित्रासारखी उतरवली आणि सुटी झाल्यावर वाचनालय गाठलं. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी जपानी-इंग्रजी शब्दकोश काढून दिला. उशीएवढा जाड आणि घरी न्यायला बंदी. वर बाईंनी सांगितलं की यातली चित्रासारखी अक्षरं रेघा मोजून शोधायची. चार रेघांची एका जागी, पाच रेघांची पुढे, असं.

पानेबुवा खूश झाले. मोजायचं तर आपल्याला येतंच! सगळ्यांत सोपं अक्षर निवडलं: एक चौकोन आणि त्याच्या मधून उभी काठी. चार बाजू आणि काठी, पाच रेघा. शनिवारची सगळी संध्याकाळ पाच रेघांत गेली, अक्षर मिळेना. दिवे मालवता मालवता बाईंनी वहीत डोकावून सांगितलं की पेन न उचलता कोपरा वळला तर ती एकच रेघ धरतात. हे चार रेघांचं. पानेबुवांनी मनातल्या मनात त्या चौकोनाची एक भिंत पाडली आणि अक्षर लगेच मिळालं. इंग्रजी अर्थ निघाला. इंग्रजीचा मराठी अर्थ काढायला दुसरा कोश. अर्थ होता, आत.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी वाटच बघत होत्या.

‘आत,’ पानेबुवा म्हणाले.

‘आत काय?’

‘ते अजून शोधायचंय.’

आतच आहे हे आम्हालाही दिसतंय, बाहेर असतं तर झाकण कशाला लावलं असतं, असं कोणीतरी म्हणालं आणि डबे हातातून निसटेपर्यंत हशा पिकला. आक्कासुद्धा हसली. पानेबुवांना त्यातच बरं वाटलं.

सोमवारी संध्याकाळी ‘दर’, म्हणजे प्रत्येक, सापडलं. मंगळवारी दहा रेघांचं एक सापडलं, त्याचा अर्थ ‘काढून टाकणे’. हे त्यांनी बुधवारी सांगितलं आणि नेमके मालक तिथे उभे. मालक म्हणाले, बघा, जपानीसुद्धा तेच म्हणतायत, काढून टाका. त्या दिवशी कोणी हसलं नाही. पानेबुवांना आपली जीभ त्या उरलेल्या वॉशरमधून ओवून ठेवावीशी वाटली.

बुधवारी ‘आठवडा’ मिळाला. गुरुवारी बारा रेघांचं मोठं अक्षर मिळालं: उघडणे. एवढं कळल्यावर दुसऱ्या कोणीही उघडून बघितलं असतं. पण पानेबुवा सावध माणूस. आपल्याकडे ‘उघडू’ आधी येतं आणि ‘नका’ मागाहून, तसं जपान्यांचंही असेल तर? थांबले.

शुक्रवारी वाचनालय बंद व्हायच्या वेळेला ओळ पुरी झाली. ते ‘काढून टाकणे’ एकटं नव्हतंच. त्याच्या शेजारच्या अक्षराबरोबर मिळून ‘साफसफाई’ होत होतं. बाईंनी सगळे शब्द जुळवून वाचून दाखवले. पानेबुवांनी ऐकलं, वही मिटली आणि घरी गेले. रात्री जेवताना बायकोने विचारलं तर म्हणाले, लाल शाई फुकट गेली त्यांची.

शनिवारी सकाळी टेम्पो दारात उभा. मालक, भंगारवाला, सगळ्या शिवणवाल्या मशीनभोवती जमलेल्या. पानेबुवांनी वही उघडून खणखणीत वाचलं, ‘दर आठवड्याला हे झाकण उघडून आतली कापसाची धूळ साफ करा.’

मग त्यांनी दोन स्क्रू काढले. झाकण निघालं तसा आतून उंदराच्या बिछान्याएवढा धाग्याधुळीचा गोळा पुढे आला, घट्ट, उशी भरावी तसा.

आता इथली रीत सांगायला हवी, नाहीतर ही सतरा वर्षांची धूळ साठली कशी ते कळणार नाही. त्या कारखान्यात स्क्रूला हात मेकॅनिकनेच लावायचा, आणि ब्रश ज्या बाईचं मशीन तिनेच फिरवायचा. आक्का रोज संध्याकाळी मशीन लखलखीत पुसायची, पण झाकणाला स्क्रू होते, म्हणजे ते भावाचं काम. भाऊ पाहिजे तो स्क्रू खोलायचा, पण धूळ म्हणजे बहिणीचं काम. त्या झाकणामागची धूळ कोणाचीच नव्हती. ती निवांत वाढली.

पानेबुवा सवयीने बाजूला झाले आणि आक्काच्या ब्रशची वाट बघत उभे राहिले. आक्का हाताची घडी घालून त्यांच्याकडे बघत उभी. शेवटी पानेबुवांनीच ब्रश उचलला आणि खाली बसून, कानाकोपरे धरून सगळं साफ केलं. आक्का मशीनवर बसली. दहा काजं केली. दहाच्या दहा अखंड. तिने अकरावं केलं, दोरा तोडला आणि ते कापड मालकांच्या हातात दिलं. मालकांनी ते उजेडात धरून ताणून बघितलं आणि भंगारवाल्याला म्हणाले, आज दुसरं काही असेल तर न्या.

आक्का मग भावाकडे वळली. ‘मेकॅनिक म्हणून चार लोकांना हौसेने दाखवते तुला. दोन स्क्रूंचं काम, आणि आठवडाभर माझा घास उतरला नाही. ते राहू दे. स्क्रू तुझा, ब्रश माझा, मग ही आतली धूळ इथून पुढे कोणाची, तेवढं सांग.’

पानेबुवांच्या मिशीला धूळ लागली होती. ती पुसत ते म्हणाले, ‘माझी, आक्का. झाकणावर तसं लिहूनही ठेव. फक्त कमी रेघांत लिही, नाहीतर मला वाचायला पुढचा शनिवार उजाडेल.’