परसरामच्या बोलण्याचा अर्थ

करडी गावाच्या आसपास सोयरिक जुळवायची म्हटली की परसरामला बोलावणं यायचं. जमीन बेताची, पण जिभेचं पीक बारमाही. मुलगा रागीट असला तर परसराम म्हणे, "पोट्टा पाणीदार हाये." कामचोर असला तर, "घाईगर्दी त्याच्या अंगातच नाही." पाहुणे खूश होत, सुपारी फुटे, परसराम भरपेट जेवून घरी येई. मोहाडीच्या शाळेतले इंग्रजीचे सर सांगत, अशा बोलण्याला इंग्रजीत 'टर्न ऑफ फ्रेज' म्हणतात. म्हणजे शब्दाला सुरेख वळण देणं. वळणावर गाडी उलटतेही, हे बहुधा त्यांच्या पुस्तकात नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या माघात तुलाराम आपल्या इश्वरसाठी सोयरिक घेऊन आला, ती थेट परसरामच्याच घरी. त्याच्या लेकीला, रुखमिणीला मागायला. आदल्या वर्षी याच इश्वरसाठी परसराम दुसऱ्या एका घरी बोलला होता. ती सोयरिक फिसकटली, पण शब्द गावभर राहिले.

"माह्या पोट्ट्याची तारीफ मी कायले करू, परसरामभाऊ?" तुलाराम म्हणाला. "तुमीच म्हणलं होतं ना, चार लोकांत बसला का तो कोनाचं मन मोडत नाही?"

म्हणलं होतं. कोणीही ग्लास पुढे केला की इश्वर नाही म्हणत नाही, हा त्याचा अर्थ. तो फक्त परसरामला ठाऊक होता.

"माही पोट्टी लय साधी हाये," परसरामनं वळसा घेतला.

"आमाले साधीच पायजे."

"तुमचं खटलं मोठं. तिले झेपनार नाही."

"पाहा, कसा मान देऊन राहिले," तुलाराम सोबतच्या पाहुण्यांकडे वळून म्हणाला. परसरामचा मेहुणा डोमा तर खुशीत आला. "भाऊजी, तुमच्याच तोंडानं वाखानलेला जवाई घरी चालून आला. आता कायची वाट पाहता?"

परसरामनं आतल्या दाराकडे पाहिलं. दाराआड रुखमिणी उभी होती. तुलारामनं पिशवीतून सुपारी काढली.

"पोट्टा दारू पेते," परसराम म्हणाला.

डोमा हसला. पुढचं काही झकास येणार म्हणून सगळे थांबले. "मंग?"

"मंग काई नाही. पेते. अन् पेला का हात उचलते."

तुलारामनं सुपारी परत पिशवीत टाकली. "हे तवा काहून नाही सांगतलं?"

"तवा दुसऱ्याची पोट्टी होती."

तुलाराम चहा न घेताच उठला. डोमाही त्याच्यामागून गेला. आतून रुखमिणीच्या रडण्याचा आवाज आला. ते रडणं सुटकेचं होतं हे तिच्या बापाला कळलं, आणि त्याला जरा बरं वाटलं.

ते सकाळपर्यंतच टिकलं. रात्रीतून गावभर झालं होतं. उजाडता उजाडता देवकाबाई अंगणात येऊन उभी राहिली. तिच्या लेकीचं लग्न परसरामनंच जुळवलेलं.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "माह्या जवायाबद्दल तुमी म्हणलं होतं, त्याले घरात करमत नाही, तो मानसांत रमते. त्याचा अर्थ काय हो?"

परसरामनं तिला बसायला पाट दिला. तिच्यामागे वाटेवर आणखी दोघीजणी येताना दिसत होत्या.