किताबाचा वारस

साहेबांचा थोरला भाऊ विलायतेत वारला आणि आमचे साहेब खरेखुरे 'सर' झाले. इथे आखातातल्या तेलकंपनीतले सगळे त्यांना आधीपासून सरच म्हणत, त्यामुळे यात नवल ते काय हे मला कळेना. माझा नवरा त्यांच्या बंगल्यावर बटलर होता. त्याने समजावलं, की हे सर वेगळं. त्यांच्या कुठल्याशा खापरपणजोबाला राजाने दिलेला किताब बापाकडून थोरल्या मुलाकडे उतरत आला होता. या भावाला मुलगा नव्हता, म्हणून तो आता धाकट्याकडे आला.

नवऱ्याला हे चटकन उमगलं, कारण तो खोतांच्या घरातला. रत्नागिरीकडची त्यांची खोती कायद्याने गेली, पण त्याच्या डोक्यातली काही गेली नव्हती. साहेबांच्या घराण्याबद्दल तो असा बोले, जणू आपलीच सोयरीक.

बंगल्याच्या दिवाणखान्यात त्या घराण्याची वंशावळ टांगलेली होती. साहेबांना एकच मुलगा, सात-आठ वर्षांचा. मी मडमेचे कपडे शिवायला बसले की तो जवळ येऊन ती सगळी नावं घडाघडा म्हणून दाखवी आणि शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवी. माझ्या मेलेल्या बहिणीची मुलगी माझ्याजवळच वाढत होती. ती त्याच्याच वयाची. दोघं मागच्या अंगणात मोडक्यातोडक्या हिंदीत भांडत आणि खेळत.

भावाचा दुखवटा सरल्यावर साहेबांनी दुपारचं जेवण दिलं. नवऱ्याने जवळच्या मंगफ गावच्या कोळ्यांकडून जुबैदी आणली, म्हणजे आपलं पापलेटच. आणि ट्रंकेतून त्याच्या बापाचं लाल पागोटं काढलं. त्यांच्या गावी नव्या खोताला पागोटं बांधत आणि त्याच्या थोरल्या मुलालाही बांधत, म्हणजे पुढचा कोण ते चारचौघांना दिसे. साहेबांच्या डोक्याला हात लावायची त्याची छाती नव्हती. मुलाला मात्र तो बांधणारच होता. मी म्हटलं, नसत्या उचापती करू नका.

"वारस हाय तो," तो म्हणाला. "त्याचा डोका उघडा ठेवायचा?"

पुडिंग वाढून झाल्यावर त्याने ते बांधलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पँट्रीच्या दारातून बघत होते. मुलाने खुशीत बापाला विचारलं, की तुमच्यानंतर मीच ना सर? साहेब भला माणूस, पण खोटं बोलणं त्यांना अजिबात जमत नसे. ते नुसते बशीकडे बघत राहिले. मुलाने पुन्हा विचारलं. तेव्हा मडम उठली आणि त्याला दंडाला धरून आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मला रडत रडत सांगितलं. मुलगा दत्तक होता. घर, नाव, सगळं त्याचं, फक्त किताब नाही. किताबाला रक्त लागतं आणि तो कुणा चुलतभावाकडे जाणार होता. मोठा झाला की सांगू असं त्यांनी ठरवलं होतं. आता काल रात्रीच सांगावं लागलं.

घरी येऊन मी नवऱ्याला हे ऐकवलं, तर तो डोकं धरून बसला. "त्यांचा नाय, तर त्यांचा नाव कसा लावतंय तो?" हे एकच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याचंही बरोबर होतं. आम्हा मुसलमानांत पाळलेल्या पोराला त्याच्या जन्मदात्याचंच नाव लावतात. साहेबांचं नाव लावणारा मुलगा साहेबांचा नसेल, हे आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला नवऱ्याचा राग आला, मडमेचा आला, आणि किताब देणाऱ्या त्या राजाचाही आला.

मी काही आमच्या लोकांचे गोडवे गात नाही. पाळलेल्याला वारसा आमच्यातही नाही. पण माझी भाची बोलायला लागली तेव्हापासून बापाचं नाव सांगते, आणि मी तिची आई नव्हे, खाला, म्हणजे मावशी आहे हे तिला पक्कं ठाऊक. त्यात लपवण्यासारखं काही असतं, हेच तिला माहीत नव्हतं.

चार-पाच दिवसांनी तो मुलगा आमच्या क्वार्टरवर आला. पागोट्याची नीट घडी घालून आणली होती. "ये मेरा नहीं है," म्हणाला. नवऱ्याचा हात काही पुढे होईना, तेव्हा मीच ते घेतलं. मला त्याला पोटाशी धरावंसं वाटलं, पण साहेबाच्या मुलाला कसं धरायचं?

भाची खुबूसची रोटी चावत बसली होती. मडमेने सांगितलेलं तिने घरात ऐकलंच होतं. शाळेत कुठल्या वर्गात आहेस असं विचारावं, तितक्या सहज तिने विचारलं, "तेरे असली बाप का नाम क्या है?"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. भिंतीवरची सगळी नावं पाठ असलेला तो मुलगा आठवून बघितल्यासारखा दारात उभा राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "किसी ने बताया नहीं."